थोरलीचे ब्रेक

ब्रेक गेले ते दवाखान्याच्या उतारावर. लेक हातपाय शाबूत घेऊन घरी आली, तिनं झालेलं सांगितलं, आणि टाचणीबाईच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो देवाचा नव्हता की लेकीचा नव्हता. ती म्हणाली, "भाऊजी!"

म्हणजे हे काम भाऊजींचं. तिच्या सख्ख्या दिराचं.

टाचणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाई शिवणकाम करायची, दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, आणि त्या काढल्या की बोलणं असं की समोरच्याला कुठंतरी टोचलंच पाहिजे. गल्लीनं पाठीमागे ठेवलेलं हे नाव तिच्या कानावर आलं होतं. "ठेवू देत बापड्यांना," म्हणायची, "टोचते त्यालाच टाचणी आठवते." संशय हा तिचा जुना सोबती. दूधवाला वेळेवर आला तर दुधात पाणी आहे, उशिरा आला तर जास्त आहे. कापडवाला हसून बोलला की मोजताना हात आखडणार. आणि गंमत अशी की दहातल्या सात वेळा तिचं खरं निघायचं. हीच तर सगळी पंचाईत होती. एकदाही खरं निघालं नसतं तर बाई कधीच सुधारली असती.

तर लेक खुर्चीत बसून पाणी पीत होती आणि पेला दातांवर वाजत होता.

"पाय दाबला तर खालीच गेला, आई. पार खाली. पायाखाली काही नव्हतंच. समोरून एक बाई बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. मी हॉर्न दाबला, हँडब्रेक ओढला, गाडी फुटपाथला घासत नेली. थांबली तेव्हा बाबागाडी एवढ्यावर होती." तिनं दोन बोटांनी अंतर दाखवलं.

टाचणीबाईनं तिला छातीशी धरलं. लेकीच्या केसांना ती काम करायची त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेचा औषधी वास येत होता. आज हे डोकं आपल्या हाताखाली नसतंच, या विचारासरशी तिचा राग वर आला. रागाला तिच्याकडे पत्ता तयार होता.

ती गाडी घरात आली तेव्हा लेक पोटात होती. गाडी आधी, लेक नंतर, म्हणून गाडी थोरली आणि लेक धाकटी, असं सगळं घर गमतीनं म्हणायचं. थोरलीचा पांढरा रंग आता दातांसारखा पिवळट झाला होता, मागचं एक दार आतून उघडायचं नाही, आणि थंडीत सुरू होताना ती असं काही खोकायची की शेजारी घड्याळ लावून घ्यायचे. पण चालायची. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून गाडी लेकीच्याच हातात होती. नवरा गुडघे जाईपर्यंत घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचा. बाहेर आकडा चुकत नसे, घरात मात्र मीठ संपलंय की साखर हे त्याला सांगावं लागायचं.

आणि थोरलीला जन्मापासून हात लागलेला तो एकट्या भाऊजींचा. टाचणीबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर शाळेत जायचा. सासू नव्हतीच. त्याचे डबे तिनं भरले, शर्टांची बटणं तिनं लावली, तापात उशाशी ती बसली. शिकण्यात डोकं नव्हतं, पण मशीन दिसलं की हात शिवशिवायचे. तिच्या शिवणयंत्राखाली आडवा पडून पट्टा कसा फिरतो ते बघत बसायचा. पुढं त्यानं गॅरेज काढलं, लग्न केलं, वेगळं घर केलं. सगळं रीतसर. पण वेगळं घर म्हटलं की टाचणीबाईच्या मनात एक टाका उसवला तो उसवलाच.

त्यात गेलं वर्षभर भाऊजींनी एकच धोशा लावला होता. "वहिनी, थोरलीला आता निरोप द्या. हिचं सामान मिळत नाही बाजारात."

का बरं एवढी घाई? टाचणीबाईनं कान टवकारले. एकदा शिवलेल्या पिशव्या द्यायला ती गॅरेजवर गेली, तर मागच्या अंगणात अगदी थोरलीसारखीच गाडी उभी. भाड्यानं फिरणारी, कुणा गिऱ्हाइकाची, बॉनेट उघडं, आतून अर्धी रिकामी. झालं! बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सामान मिळत नाही ना? मग त्या गाडीत सामान येणार कुठून? आपल्या थोरलीचं चांगलं काढायचं, तिकडे बसवायचं, तिकडचं झिजलेलं आपल्याला. घरचीच गाडी, विचारतो कोण!

पुढच्या वेळी थोरली गॅरेजमधून आली तेव्हा बाईनं स्वतः बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची ती अर्धपारदर्शक बाटली कुठं असते हे तिला माहीत होतं, दिरानंच कधी तरी दाखवलं होतं. तेल वरच्या रेघेच्या चांगलं खाली. गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी काढलं. कोरडं ठक्क. जमिनीवर थेंब नाही आणि बाटलीत तेल कमी. मग गेलं कुठं? नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण विचारायचं म्हणजे त्याला सावध करायचं, आणि टाचणीबाईला तर तो रंगेहाथ हवा होता. तोवर लेकीच्या जिवाशी खेळ नको, म्हणून बाईनं बाटलीतली तूट आपणच भरून काढली. बाजारात ब्रेक ऑइल घ्यायला जावं तर सामानवाला भाऊजींचा दोस्त, संध्याकाळपर्यंत बातमी पोचणार. तिनं घरातलं घातलं. आपल्या शिवणयंत्राच्या लांब चोचीच्या कुपीतलं, पाण्यासारखं नितळ, जे ती कुणाला दाराच्या बिजागरीलाही देत नसे. घरातलं सगळ्यांत चांगलं तेल पोरीच्या गाडीला गेलं याचं तिला मनातून समाधानच वाटलं. नंतर कमी दिसलं की पुन्हा थोडी भर घालायची. ना नवऱ्याला पत्ता, ना लेकीला.

काही दिवसांनी बाटलीचं झाकण बसायला कुरकुर करायला लागलं. बाई मनात म्हणाली, बदललंय यानं! कुणी उघडू नये म्हणून घट्टातलं बसवलंय.

मग लेकीची तक्रार सुरू झाली. "आई, थोरली हल्ली जड चालते गं. सोडला तरी ब्रेक धरून ठेवते. चाकापाशी जळका वास येतो. काकाला दाखवून आणते."

"अजिबात नको!" टाचणीबाई कडाडली. "त्याच्याकडे नेली की एकेक दुखणं घेऊन परत येते. मी बघते काय करायचं ते."

तिनं काय बघितलं? तेल थोडं आणखी घातलं. आणि त्याच आठवड्यात उतारावर पाय खाली गेला.

थोरलीला दोरी बांधून गॅरेजमध्ये ओढत नेलं. नवरा, लेक आणि टाचणीबाई तिघंही गेले. भाऊजी धावतच बाहेर आले, आधी पुतणीच्या डोक्यावरून हात फिरवला, "लागलं नाही ना गं बाळा कुठं?" म्हणून दोनदा विचारलं. टाचणीबाई मनात म्हणाली, नाटकं.

भाऊजींनी बॉनेट उघडलं. बाटलीच्या झाकणाला हात घातला. ते निघता निघेना. जोर लावून काढलं तर झाकणाच्या आतलं रबर फुगून वेडंवाकडं बाहेर लोंबत होतं. भाऊजी थांबले. बोट आत बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. टाचणीबाई डोळ्यांत तेल घालून बघत होती, तिनं तो उतरताना पाहिला.

"दादा," भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्याशिवाय गाडीला कुणी हात लावलाय का?"

"कोण लावणार?" नवरा म्हणाला.

"तुमच्याशिवाय कोण लावणार?" टाचणीबाई म्हणाली, जरा वरच्या पट्टीत.

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, हातांकडे. मग पुतणीकडे बघितलं. ती दाराशी टेकून उभी होती, चेहऱ्यावर रंग अजून परत आला नव्हता. भाऊजींनी झाकण फडक्यात गुंडाळून खिशात टाकलं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "आतलं रबर जुनं झालं होतं. मागच्या वेळी बदलायला हवं होतं, राहून गेलं माझ्याकडून."

मग तो गरीब गाय म्हणवणारा मीटरवाला असा काही भडकला की टाचणीबाईसुद्धा दचकली. "राहून गेलं? तुझ्या भरवशावर मी माझी पोर रोज त्या उतारावर सोडत होतो! ती बाबागाडी मध्ये आली असती तर काय म्हणणार होतास, राहून गेलं? गाडी नीट करून दे आणि मग माझ्या घराची पायरी चढू नकोस."

"बाबा, काकानं मुद्दाम थोडंच..." लेक म्हणायला लागली.

"तू गप्प बस!"

भाऊजींनी मान खाली घातली आणि हात पुसत राहिले. हात कधीच पुसून झाले होते.

टाचणीबाईनं लढाई जिंकली होती. मग आनंद का होत नव्हता? घरी आल्यावर ती मशीनवर बसली, पण टाका सरळ पडेना. माणूस इतक्या पटकन कबूल कसा होतो? ज्याला दहा सबबी सुचायला हव्यात तो एकही देत नाही? छोटी चूक कबूल करून मोठी दडपतोय, दुसरं काय! अशी तिच्या मनानं गाठ मारली आणि मगच शिवण पुढं सरकली.

दोन दिवसांनी शाळेचे गणवेश द्यायला ती शाळेच्या कचेरीत गेली. शाळेच्या बसगाड्या भाऊजींच्याच गॅरेजमध्ये दुरुस्तीला जायच्या, ते काम तिनंच शब्द टाकून मिळवून दिलं होतं. कचेरीतल्या कारकूनबाईंनी गठ्ठा बाजूला ठेवून विचारलं, "काय हो, तुमच्या घरच्याच गाडीचे ब्रेक गेले म्हणे? खरं का?"

इथं टाचणीबाईला गप्प बसता आलं असतं. बसली नाही. "खरं म्हणजे? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं त्यांनी. सख्ख्या पुतणीच्या गाडीत निष्काळजीपणा, तर परक्याच्या पोरांचं काय, तुम्हीच बघा."

कारकूनबाईंनी बघितलं. पुढच्या आठवड्यात शाळेच्या बसगाड्या दुसऱ्या गॅरेजपुढं उभ्या होत्या. एका शाळेचं बघून दुसऱ्यांनीही काढता पाय घेतला. गल्लीत बोलणं पसरायला काय लागतं!

थोरली मात्र नीट होऊन आली. भाऊजी कुठं कुठं भटकून आले आणि ब्रेकचं सगळंच्या सगळं नवं घातलं, असं लेक सांगत होती. दुसऱ्या गॅरेजला न्यायचं नवऱ्यानं मनात आणलं होतं, पण लेकच अडून बसली. "काका चुकला असेल, पण त्याच्याइतकी थोरली कुणाला कळते?" तिनं स्वतः उतारावर दहादा चालवून बघितली. ब्रेक लोण्यासारखे लागत होते.

टाचणीबाईनं संधी साधून बॉनेट उघडलं. बाटलीच्या झाकणावर तार गुंडाळून तिला शिशाचं सील मारलेलं!

"हे काय नवीन?" तिनं लेकीला हाक मारून विचारलं.

"काकानं लावलंय. म्हणाला, हे कुणी उघडायचं नाही, तेल कमी वाटलं तर नुसता फोन करा."

"बघितलंस?" टाचणीबाईचे डोळे चमकले. "झाकायचंय म्हणून सील. ज्याचं सगळं उजळ आहे तो कशाला कुलपं लावेल?"

लेकीनं बॉनेट बंद केलं. ती हल्ली आईच्या बोलण्याला उत्तर देत नसे.

आणि मग ते सकाळचं. टाचणीबाई उजाडता उजाडता उठायची, कामाला बसायच्या आधी खिडकीत उभी राहून चहा प्यायची. एके दिवशी खाली गल्लीत थोरलीपाशी कुणीतरी वाकलेलं दिसलं. भाऊजी! बॉनेट हळूच वर केलं, आत हात घातला, तारेला चाचपलं, बॉनेट आवाज न करता खाली घेतलं. मग चारही चाकांशी जाऊन वाकून खाली बघितलं. इकडंतिकडं नजर टाकली आणि चालायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

टाचणीबाईनं चहा तसाच ठेवला. घराची पायरी बंद झाल्याचा राग आता गाडीवर काढतोय की काय हा माणूस? नवऱ्याला सांगावं तर तो तिथंच मारामारी करेल. पुरावा हवा. असा पुरावा की पुन्हा तोंड वर काढायला जागा राहू नये.

पुरावा कुठं असणार हे तिला ठाऊक होतं. भाऊजींच्या कामाची एक पद्धत होती. गाडीतून जुनं जे निघेल ते कापडी पिशवीत घालायचं, चिठ्ठी बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. "तुमचं जुनं, बघून घ्या." त्या पिशव्या शिवायची टाचणीबाईच, गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या. थोरलीची पिशवी मात्र कधी घरी आली नव्हती. घरच्यांना कसली पिशवी, असं म्हणून भाऊजी हसण्यावारी न्यायचे.

दुपारी ती गॅरेजवर गेली. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. आज नुसती ओल्या लादीची चकाकी, आणि एका उलट्या डब्यावर भाऊजी बसलेले, हातात काम नाही. तिला बघून ते चटकन उठले.

"वहिनी? धाकटी बरी आहे ना? थोरलीनं काही त्रास दिला का?"

"थोरलीचं जुनं सामान द्या."

"ते... टाकून दिलं."

टाचणीबाईनं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर खिळ्यांची रांग, आणि शेवटच्या खिळ्याला निळ्या कापडाची पिशवी, तिच्या हातची, दुहेरी शिलाईची. चिठ्ठीवर भाऊजींच्या बाळबोध अक्षरात 'थोरली' लिहिलेलं.

"टाकून दिलं काय!" तिनं पिशवी ओढली. भाऊजींनी दुसऱ्या टोकाला धरली.

"नका नेऊ, वहिनी. ऐका माझं."

"का? काय आहे असं?"

"घाण आहे. हात खराब होतील तुमचे."

"माझ्या हातांची काळजी तुम्ही नका करू. सोडा म्हणते ना!"

भाऊजींनी सोडली. सोडताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

घरी कुणी नव्हतं. टाचणीबाईनं कापायच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी उलटी केली. लोखंडाचा एक नळा, काही रबरी कडी, नव्या सामानाचं एक रिकामं पाकीट आणि ते फडक्यात गुंडाळलेलं झाकण. तिनं एक कडं उचललं. पाकिटावर तेच कडं चितारलेलं होतं, बारीक, ताठ, काठाला धार असलेलं. हातातलं मात्र फुगून ढब्बू झालेलं. बोटानं दाबलं तर मऊ लिबलिबीत, नखाचा वण उमटून राहिला.

तिची बोटं थांबली. डोक्याच्या आधी बोटांना कळलं. ही मऊ सूज बोटांनी आयुष्यभर हाताळली होती.

शिवणयंत्रावर बॉबिनला दोरा भरायचं एक छोटं चाक असतं, त्याला रबराचं कडं असतं. त्या कड्याला तेल लागलं की संपलं. चार दिवसांत फुगतं, मऊ पडतं, चाकावर घसरायला लागतं. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला ती पहिल्याच दिवशी दटावायची, "लोखंडाला तेल पाजा, रबराला थेंबसुद्धा नाही. रबर फुगलं की मशीन गेलं." किती पोरींना रडवलं होतं तिनं यावरून! खणात एका डबीत अशी बाद झालेली कडी तिनं दाखवण्यापुरती ठेवली होती. तिनं डबी काढली. त्यातलं एक थोरलीच्या कड्याशेजारी ठेवलं. एक लहान, एक मोठं, सूज तीच. मग झाकण नाकाशी नेलं. तिच्या टेबलाला, तिच्या कपड्यांना, तिच्या हातांना येणारा वास त्यालाही होता.

कुपी समोरच होती. लांब चोचीची, नितळ तेलाची.

"अगं बाई," ती पुटपुटली. "अगं बाई गं. मीच."

ती तिथंच खाली बसली. एकेक गोष्ट उलटी होऊन समोर यायला लागली. झाकण बदललेलं नव्हतं, तिच्या तेलानं फुगलं होतं. ब्रेक धरून ठेवत होते तिच्या तेलानं. काकाला दाखवते म्हणणाऱ्या पोरीला तिनंच अडवलं होतं. बाबागाडीतलं ते कुणाचं तरी पोर तिच्यामुळं दोन बोटांवर आलं होतं. आणि भाऊजींनी बोट हुंगल्याबरोबर ओळखलं होतं, कारण याच तेलाच्या वासात, याच मशीनखाली आडवं पडून ते लहानाचे मोठे झाले होते.

ती तशीच उठून पुन्हा गॅरेजवर गेली. भाऊजी शटर ओढत होते.

"का नाही बोललात?" तिनं शटर हातानं अडवलं. "सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत की ही बाईच मूर्ख आहे म्हणून?"

भाऊजींनी शटर अर्ध्यावर सोडलं. "कुणासमोर सांगू? धाकटी तिथंच उभी होती ना. गॅरेज काय, लोक बदलतात, वहिनी. दुसरं गॅरेज मिळतं. पोरीला आई कुठली बदलून मिळणार?"

"आणि मी परत तेल घातलं असतं तर?"

"म्हणून तर सील मारलं. तरी धीर धरवेना, तुमची कात्री तारेला ऐकते थोडीच! म्हणून सकाळी येऊन बघत होतो. तुम्हाला एकटीला गाठून सांगायचं म्हटलं तर तुम्ही तोंड बघायला तयार नाही." ते थोडं थांबले. "तेल कमी दिसत होतं ते बरोबर होतं तुमचं. ब्रेक झिजतात तशी पातळी उतरते. चोरीला जात नव्हतं."

"आणि ती मागची गाडी?"

"कुठली? ती होय? तिच्यातलं चांगलं सामान मीच विकत घेऊन ठेवलंय. थोरलीसाठी."

टाचणीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ज्या पोराला तिनं तापात मांडीवर घेतलं होतं त्याच्यावर तिनं काय काय बांधलं होतं! आणि हा तिचं झाकत बसला होता.

"वहिनी, आता झालं ते झालं," भाऊजी घाईघाईनं म्हणाले. "तुम्हाला कळलं, पुरे. घरी नका सांगू. दादाचा राग जाईल हळूहळू."

"तुम्ही आता मला शिकवू नका," टाचणीबाई डोळे पुसत म्हणाली. तेवढीच काय ती जुनी टाचणी शिल्लक होती.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा तिनं ताटं वाढली, पण स्वतःचं घेतलं नाही. टेबलाच्या मधोमध वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून त्यावर दोन्ही कडी ठेवली, कुपी ठेवली आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. शाळेत काय बोलून आली तेही सांगितलं. नवरा ऐकत राहिला. मग घास तसाच ठेवून उठला, शर्ट चढवला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी भावाच्या घराकडे निघाला.

लेक बसून राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्या फुगलेल्या रबराला बोट लावून बघत होती, तिथं नखाचा वण होता. "मी तुला विचारलं होतं, आई," एवढंच ती म्हणाली. "काकाला दाखवू का म्हणून."

"हो गं," टाचणीबाई म्हणाली. "विचारलं होतंस."

सकाळी लेक कामाला निघाली. टाचणीबाई पिशवी घेऊन तिच्या मागोमाग खाली उतरली. तिला शाळेत जायचं होतं. कारकूनबाईंच्या टेबलावर ही कडी ठेवून, ज्या तोंडानं बोलली त्याच तोंडानं सगळं परत घ्यायचं होतं. चालतच जाणार होती. कुणाकडे काही मागायचं तोंड तिला उरलं नव्हतं.

लेक थोरलीत बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. आधी ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग खाली उतरली, बॉनेट उघडून तार बघितली, सील बघितलं आणि परत येऊन बसली. यापूर्वी तिनं असं कधीच केलं नव्हतं. इतकी वर्षं ती घरातून धावत निघायची, दार आपटायची आणि गाडी सुरू. टाचणीबाई फुटपाथवर उभी राहून बघत होती. हा संशय कुणाचा आणि कुणाकडून पोरीकडे गेला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गाडी सुरू झाली, खोकली. मग पलीकडचं दार आतून उघडलं.

"बस," लेक तिच्याकडे न बघता म्हणाली. "शाळा वाटेवरच आहे."

टाचणीबाई बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली. दवाखान्याचा उतार लागला, खाली चौकात माणसं रस्ता ओलांडत होती, आणि दोघींनी एकदमच पाय दाबला. ब्रेक एकीच्याच पायाखाली होता. थोरली हळूहळू थांबली. माणसं पलीकडे गेली, आणि टाचणीबाईचा पाय मात्र शाळेचं फाटक येईपर्यंत तसाच दाबलेला राहिला.